औषधास न जुमानणारा हिवताप : रुग्णशय्येपासून संशोधनापर्यंत

संहिताकारांनी ज्वराला सर्व रोगांत अग्रस्थान दिले आहे. आपल्या नोंदवह्या चाळल्या तर पावसाळ्यापासून मार्गशीर्षापर्यंत आजही ते स्थान अबाधित असल्याचे दिसते. फरक इतकाच, की ज्वराच्या रुग्णाला आज जे औषध लागू पडते ते काही वर्षांनी तसेच लागू पडेल, अशी खात्री आता कोणत्याही पद्धतीच्या चिकित्सकाला देता येत नाही. प्रस्तुत लेख अशा एका ज्वराविषयी आहे. आमच्या हातून झालेली एक चूक त्यास निमित्त ठरली, म्हणून आरंभ तेथूनच करतो.

काही वर्षांपूर्वी गोदाकाठच्या एका खेड्यातील बावीस-तेवीस वर्षांचा तरुण आमच्या दवाखान्यात आला. मुंबईस इमारतीच्या कामावर होता, पोळ्याला गावी आला तो ताप घेऊनच. हुडहुडी भरून चढणारा, काही तासांनी घाम फुटून उतरणारा आणि एक दिवसाआड येणारा ताप. तृतीयक ज्वराचे याहून स्पष्ट चित्र पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही. आम्ही क्लोरोक्वीनच्या गोळ्या दिल्या, जोडीला महासुदर्शन चूर्ण दिले. तीन दिवसांत ताप गेला. दिवाळीच्या सुमारास तो पुन्हा आला. पुन्हा तेच औषध, पुन्हा तोच गुण. संक्रांतीला तिसऱ्यांदा ताप आला तेव्हा आम्ही आर्टीथरची तीन इंजेक्शने दिली, आणि हा रुग्ण आता आमच्या आटोक्याबाहेरचा आहे असे ठरवून त्यास शासकीय रुग्णालयात पाठविले. सोबतच्या चिठ्ठीत ‘औषधप्रतिरोधी हिवताप’ असे लिहिले. ते लिहिताना आमच्या मनात शंका नव्हती.

ते निदान चुकीचे होते. का चुकीचे होते हे समजून घेण्यासाठी आम्हांस जे वाचावे लागले, त्यात मुंबईच्या काही डॉक्टरांचे काम आढळले. आपल्या वैद्यबंधूंनी व औषध विक्रेत्यांनी ते जाणून घ्यावे असे वाटते.

प्रथम नावाविषयी दोन शब्द. आपल्या शास्त्रात विषमज्वर म्हणजे अनियमित आरंभाचा, कालाने व वेगाने विषम असा ज्वर. संतत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक व चतुर्थक हे त्याचे प्रकार. शासकीय मराठीत मात्र विषमज्वर हा शब्द टायफॉइडसाठी रूढ झाला आणि मलेरियास हिवताप म्हटले गेले. त्यामुळे रुग्णाच्या कागदावर ‘विषमज्वर’ असे लिहिणारा वैद्य एक सांगतो, तर तो कागद वाचणारा परिचारक किंवा औषध विक्रेता दुसरेच समजतो. या लेखात मलेरियासाठी हिवताप हाच शब्द वापरला आहे. कागदावरही तोच वापरावा, असा आमचा आग्रह आहे.

सिकंदराबादचा डॉक्टर

धर्माबाद स्थानकावरून बासर, निजामाबादमार्गे जाणारी लोहमार्गाची वाट आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. या वाटेच्या दुसऱ्या टोकाला, सिकंदराबादेस, २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस या लष्करी सेवेतील डॉक्टरास डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाच्या परजीवीच्या खुणा दिसल्या. तो डास हुसेन खान नावाच्या रुग्णाचे रक्त प्यालेला होता. प्रत्येक दंशास एक आणा असा या रुग्णाचा मोबदला होता, असे सांगतात. परजीवीचा शोध लाव्हेराँ याने १८८० सालीच लावला होता, तरी रॉसचा त्यावर बरीच वर्षे विश्वास नव्हता. १८९४ साली लंडनला मॅन्सन याने सूक्ष्मदर्शकाखाली तो दाखविल्यावर त्याचे मत पालटले आणि रुग्ण तपासणारा हा डॉक्टर डासांच्या विच्छेदनास बसला. १९०२ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले.

रॉसचा उल्लेख येथे गौरवासाठी केलेला नाही. चिकित्सक संशोधनाकडे वळतो तो बहुधा रुग्णशय्येपाशी उत्तर न मिळालेल्या एखाद्या प्रश्नामुळे, हे त्याच्या उदाहरणात दिसते. आपला प्रश्न रॉसच्या पुढचा आहे. परजीवी माहीत आहे, डास माहीत आहे, औषधही माहीत आहे. तरीही ताप परत येतो. तो का येतो?

औषध हरते म्हणजे काय

क्लोरोक्वीन हे द्रव्य जर्मनीत हान्स आंडरझाग याने १९३४ साली तयार केले. दुसऱ्या महायुद्धानंतर ते जगभर पसरले. स्वस्त, तीन दिवसांत संपणारे आणि योग्य मात्रेत सुरक्षित असे हे औषध होते. पण १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून थायलंड-कंबोडिया सीमेवर आणि दक्षिण अमेरिकेत कोलंबियाच्या बाजूस फाल्सिपेरम जातीचा परजीवी त्यास दाद देईनासा झाला. भारतात अशी पहिली नोंद १९७३ साली आसामच्या कार्बी आंगलाँग भागातून आली.

परजीवी हे साधतो कसे? तांबड्या पेशीत शिरल्यावर तो तेथील रक्तरंजक द्रव्य पचवितो. या पचनात हीम नावाचा विषारी अंश मागे उरतो आणि परजीवी त्याचे निरुपद्रवी स्फटिक करून ठेवतो. क्लोरोक्वीन नेमके हे स्फटिकीकरण रोखते, म्हणजे परजीवी स्वतःच्याच आमाने मरतो, असे आपल्या भाषेत म्हणता येईल. प्रतिरोधी परजीवीच्या पचनपोकळीच्या आवरणातील एका वाहक प्रथिनात बदल झालेला असतो. औषध आत येते आणि या वाहकातून बाहेर लोटले जाते. हे प्रथिन ज्या जनुकामुळे बनते ते २००० साली निश्चित झाले. त्यास पीएफसीआरटी म्हणतात.

हा सर्व फाल्सिपेरमचा इतिहास झाला. आपल्याकडे अधिक आढळणारा व्हायव्हॅक्स मात्र क्लोरोक्वीनला इमानाने दाद देतो, असे १९८९ पर्यंत सारे मानत. त्या वर्षी पापुआ न्यू गिनीतून क्लोरोक्वीन-प्रतिरोधी व्हायव्हॅक्सची बातमी आली. पुढील काही वर्षे प्रत्येक देशातील चिकित्सकांसमोर एकच प्रश्न होता : आपल्याकडे हे आले आहे काय?

येथे मुंबईचा संबंध येतो. १९९० च्या दशकात मुंबईत हिवतापाने पुन्हा डोके वर काढले होते. ठिकठिकाणी बांधकामे सुरू होती, पाणी साठलेले होते आणि बाहेरगावचा मजूर त्या पाण्याशेजारीच राहत होता. परळच्या केईएम रुग्णालयात व त्यास संलग्न सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांचे सहकारी हिवतापाच्या औषधांचा अभ्यास करीत होते. वैद्यक शिकून औषधशास्त्राकडे वळलेली ही मंडळी. आपल्याकडे ‘औषधशास्त्र’ म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे प्रयोगशाळेतले उंदीर येतात. यांचा विषय मात्र रुग्णाच्या शरीरात औषधाचे काय होते, हा होता. १९९५ साली गर्ग, गोपीनाथन, बोधे व क्षीरसागर यांनी मुंबईतील क्लोरोक्वीनला न जुमानणाऱ्या व्हायव्हॅक्स हिवतापाचे रुग्ण लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन अँड हायजीनच्या नियतकालिकात नोंदविले. भारतातील अशा आरंभीच्या नोंदींत तिची गणना होते.

आम्ही चिठ्ठीवर एका ओळीत जे लिहून मोकळे झालो, तेच म्हणण्यापूर्वी संशोधकास कोणकोणत्या शंका फेडाव्या लागतात ते आता पाहू. लेखाचा गाभा येथे आहे.

पहिली शंका : औषध खरोखर पोटात गेले काय? क्लोरोक्वीन अतिशय कडू आहे. ताप उतरताच गोळ्या बंद करणारे रुग्ण आपण रोज पाहतो. म्हणून अभ्यासात प्रत्येक मात्रा डोळ्यांसमोर घेववितात आणि अर्ध्या तासात वांती झाल्यास पुन्हा देतात.

दुसरी शंका : मात्रा पुरेशी होती काय? क्लोरोक्वीनचे एकूण प्रमाण दर किलो वजनास २५ मिलिग्रॅम असते. ते तीन दिवसांत १०, १० आणि ५ असे विभागून देतात. साठ किलोच्या मजुरास हे प्रमाण १५०० मिलिग्रॅम होते. दोन गोळ्या सकाळी, दोन संध्याकाळी असे अंदाजपंचे सांगितलेले औषध बहुधा यापेक्षा कमीच भरते. शिवाय गोळीच्या वेष्टनावरील आकडा कधी क्षाराचा असतो, कधी मूळ द्रव्याचा. २५० मिलिग्रॅम क्लोरोक्वीन फॉस्फेटच्या गोळीत मूळ क्लोरोक्वीन सुमारे १५० मिलिग्रॅमच असते. औषध विक्रेत्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानी धरावी.

तिसरी शंका : पोटात गेलेले औषध रक्तात पोहोचले काय? शोषण नीट झाले नाही, किंवा गोळीतच द्रव्य कमी असले, तर दोष परजीवीचा नव्हे. यासाठी परजीवी पुन्हा दिसेल त्या दिवशी रक्तातील क्लोरोक्वीन व त्यापासून शरीरात बनणारे उपद्रव्य यांचे प्रमाण मोजतात. दर मिलिलिटर रक्तात दोहोंचे मिळून १०० नॅनोग्रॅमहून अधिक औषध असूनही व्हायव्हॅक्स जिवंत असेल, तर प्रतिरोध मानण्यास आधार मिळतो. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जांश. तो मोजण्याचे काम दवाखान्यात होत नाही. रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरास प्रयोगशाळेत पाऊल टाकावे लागते ते अशा कारणाने.

चौथी शंका सर्वांत बिकट आहे. परत आलेला ताप कोणता? येथे तीन शक्यता असतात. रक्तातील जुनेच परजीवी औषधातून निभावून पुन्हा वाढले असतील, किंवा डास पुन्हा चावून नवा संसर्ग झाला असेल. तिसरी शक्यता व्हायव्हॅक्सचीच : यकृतात सुप्त राहिलेले परजीवी जागे होऊन रक्तात उतरले असतील. यांपैकी फक्त पहिल्या शक्यतेत क्लोरोक्वीन हरलेले असते. सुप्त परजीवींवर क्लोरोक्वीनचा परिणाम होतच नाही, तेथे त्यास प्रतिरोधाचा प्रश्नच उद्भवत नाही. फाल्सिपेरममध्ये पहिल्या दिवशीच्या व परत आलेल्या परजीवींची जनुके पडताळून जुना-नवा हा निवाडा करता येतो. व्हायव्हॅक्समध्ये सुप्तावस्थेमुळे तो निवाडा फार अवघड होतो.

चरकसंहितेच्या ज्वरचिकित्सेत दोष धातूंत लीन होऊन राहतात व काल येताच प्रकुपित होतात हे सांगताना भूमीत पडलेल्या बीजाची उपमा दिली आहे. यकृतातील सुप्त परजीवींविषयी वाचताना ती आठवल्याशिवाय राहत नाही. काही विद्वान यावरून चरकास हे परजीवी ठाऊक होते असे म्हणू लागतात. आम्हांस ते मान्य नाही. चरकाने रुग्ण पाहिले, ज्वराची पुनरावृत्ती पाहिली आणि ती नेमक्या उपमेत मांडली, एवढे श्रेय पुष्कळ मोठे आहे. ते वाढविण्यासाठी सूक्ष्मदर्शक त्याच्या हाती देण्याची गरज नाही.

चौदा दिवसांचा प्रश्न

यकृतातील सुप्त परजीवींवर प्रायमाक्वीन हे औषध चालते. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात व्हायव्हॅक्सच्या रुग्णास ते पाच दिवस देण्याचा प्रघात दीर्घकाळ होता. पाचच दिवस का, याचे एक कारण व्यवहाराचे होते : चौदा दिवस गोळ्या कोण घेतो? केईएमच्या याच गटाने, त्यात डॉ. नित्या गोगटे प्रमुख होत्या, मुंबईच्या रुग्णांत हा प्रघात तपासला. १९९८ व १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासांत पाच दिवसांच्या क्रमाने ज्वराची पुनरावृत्ती टळत नसल्याचे दिसले, तर चौदा दिवसांच्या क्रमाने ती टळली. पुढे राष्ट्रीय मार्गदर्शनातही चौदा दिवसांचा क्रम स्वीकारला गेला. दर किलो वजनास दररोज ०.२५ मिलिग्रॅम, चौदा दिवस.

आमच्या मते या कामाचे मोल १९९५ च्या नोंदीपेक्षाही अधिक आहे. प्रतिरोधाच्या बातमीला वर्तमानपत्रात जागा मिळते. पाच दिवसांचे औषध अपुरे पडते, ही गोष्ट कोणी छापत नाही. परंतु दवाखान्यात परत परत येणाऱ्या रुग्णांपैकी पुष्कळांचे उत्तर दुसऱ्या गोष्टीत दडलेले असते. डॉ. गोगटे यांनी पुढे २०१३ साली व्हायव्हॅक्ससाठी आर्टेमिसिनिनयुक्त संयुक्त औषधांचा कॉक्रेन आढावाही सहकाऱ्यांसह लिहिला. ही औषधे क्लोरोक्वीनच्या तोडीची ठरतात, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे उद्या क्लोरोक्वीन व्हायव्हॅक्सपुढे हरलेच, तर पर्याय तपासून ठेवलेला आहे.

प्रायमाक्वीनविषयी सावधगिरी आवश्यक आहे. जी-६-पीडी या किण्वाची जन्मजात कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटतात. लघवी काळपट होते, कावीळ व पांडू होतो, आणि वेळीच औषध न थांबविल्यास जीवावर बेतते. गर्भवती व तान्ह्या बालकांस ते देत नाहीत. म्हणून ते काउंटरवर सहज देण्याचे औषध नव्हे. रुग्णास पहिल्या दिवशीच सांगावे : लघवी काळी झाली तर गोळी थांबवा आणि लगेच या.

फाल्सिपेरमसाठी क्लोरोक्वीन भारतात केव्हाच मागे पडले. २०१० पासून देशभर आर्टेसुनेट अधिक सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिन हा संयुक्त क्रम देण्याचे धोरण आहे. ईशान्येकडील राज्यांत त्या जोडीतील दुसरे औषध निष्प्रभ होऊ लागल्याने २०१३ पासून तेथे आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन देतात. आर्टेमिसिनिन वर्ग तरी अजिंक्य आहे काय? पश्चिम कंबोडियात २००८-०९ च्या सुमारास त्याचाही प्रभाव मंदावल्याचे सिद्ध झाले, २०१४ साली त्यामागील केल्च-१३ हे जनुक सापडले आणि २०२० साली आफ्रिकेत रवांडातून तशीच वार्ता आली. आपल्या पूर्व भारतातूनही २०१८ साली असा अहवाल प्रसिद्ध झाला आहे.

आपली औषधे आणि तीच कसोटी

हे सर्व आयुर्वेदाच्या अंकात कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांस पडेल. वनस्पतीच्या औषधाला परजीवी प्रतिरोध करीत नाही, असे आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांचे ठाम मत आहे. त्यांच्याविषयी आदर राखूनही सांगावे लागते, की क्विनीन सिंकोनाच्या सालीतून आले, आर्टेमिसिनिन एका रोपाच्या पानांतून आले, आणि दोहोंची परिणामकारकता परजीवीने कोठे ना कोठे कमी करून दाखविली आहे.

आर्टेमिसिनिनची कथा आपल्या औषध निर्मात्यांनी अवश्य वाचावी. थू योयो या फार्मसीच्या पदवीधर. पुढे त्यांनी पारंपरिक चिनी वैद्यकाचे सुमारे अडीच वर्षांचे शिक्षण घेतले. क्लोरोक्वीन निष्प्रभ झाल्यामुळे चीनने हाती घेतलेल्या गुप्त प्रकल्पात त्या १९६९ साली आल्या. चिंगहाव या वनस्पतीचा अर्क कधी चाले, कधी न चाले. चौथ्या शतकातील गे होंग याच्या ग्रंथात ती पाण्यात भिजवून पिळून रस घ्यावा असे होते, उकळण्याचा उल्लेख नव्हता. उष्णतेने वीर्य नष्ट होत असावे, असा तर्क करून त्यांनी ईथरमध्ये कमी तापमानावर अर्क काढला. १९७१ साली त्याने प्रयोगातील प्राण्यांचे परजीवी पूर्णपणे नष्ट केले. २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. स्वरस, हिम, फांट व क्वाथ हे भेद आपण पहिल्या वर्षी घोकतो. एका कल्पनेऐवजी दुसरी घेतल्याने औषध सापडते किंवा हरवते, याचे याहून मोठे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. एक सूचना मात्र करावीशी वाटते. ही वनस्पती आपला दवणा नव्हे. कुळ एक, जात निराळी. शिवाय मूळ वनस्पतीच्या पानांचा चहा किंवा चूर्ण हिवतापात वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे स्पष्ट मत आहे. अपुऱ्या मात्रेने ताप दबतो व परजीवी शेफारतो.

आता आपल्याकडील दोन उदाहरणे. केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेने सप्तपर्ण, कुटकी, किराततिक्त व लताकरंज यांपासून आयुष-६४ हे औषध सिद्ध केले. २०२१ साली कोविडच्या निमित्ताने ते घरोघरी पोहोचले, पण त्याचा जन्म हिवतापासाठी झाला होता. २००० साली व्हायव्हॅक्सच्या रुग्णांत क्लोरोक्वीनशी त्याची तुलना प्रसिद्ध झाली. अठ्ठाविसाव्या दिवशी क्लोरोक्वीनच्या गटात सर्व रुग्ण बरे होते, आयुष-६४ च्या गटात सुमारे निम्मे. हा निकाल आपल्या सभांत क्वचितच सांगितला जातो. आमच्या मते तो सांगितला पाहिजे. निम्म्या रुग्णांत गुण येणे ही अभ्यासाला पुढे नेण्यासारखी गोष्ट आहे, पण उरलेल्या निम्म्यांच्या रक्तात परजीवी आहे हे विसरून चालणार नाही.

दुसरे उदाहरण पारिजातकाचे. मुंबईत वैद्य व डॉक्टर यांनी एकत्र येऊन केलेले हे काम डॉ. अशोक वैद्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केले. पारिजातकाच्या मध्यम आकाराच्या पाच ताज्या पानांचा कल्क दिवसातून तीन वेळा, सात ते दहा दिवस, असा प्रयोग होता. १२० रुग्णांपैकी ९२ जण सात दिवसांत ज्वरमुक्त व परजीवीमुक्त झाले, आणखी २० जण दहा दिवसांत, आणि आठ जणांना गुण आला नाही. ही तुलनात्मक चाचणी नव्हती, तेव्हा तिच्यावरून हिवतापात पारिजातकावर विसंबावे असे कोणी समजू नये. पण येथे प्रत्येक रुग्णाचे रक्त तपासले गेले आणि गुण न आलेले आठ जण मोजून लिहिले गेले. आपल्या अनुभवकथांत हे आठ जण नेहमी गळून पडतात. वैद्याचा अनुभव आधी, मग रुग्णांतील पद्धतशीर निरीक्षण, शेवटी प्रयोगशाळा, हा उलटा क्रम डॉ. वैद्य ‘रिव्हर्स फार्माकॉलॉजी’ या नावाने मांडत आले. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी बसलेल्या वैद्याला यातील पहिली पायरी तरी नक्कीच चढता येते.

दवाखान्यात आणि दुकानात

या माहितीचा उपयोग आपण कसा करावयाचा? रक्त तपासल्याशिवाय हिवतापाचे औषध देऊ नये, ही पहिली गोष्ट. त्वरित निदानाची किट उपयुक्त आहे, पण तिची एक मर्यादा ध्यानी घ्यावी. फाल्सिपेरमची रेघ ज्या प्रथिनामुळे उमटते ते परजीवी मेल्यावरही काही आठवडे रक्तात राहते. उपचारानंतर पंधरा दिवसांनी साधा पडशाचा ताप आला, किट लावली आणि रेघ उमटली, म्हणजे औषध हरले असे नव्हे. अशा वेळी काचपट्टीच पाहावी लागते.

आर्टीथरची इंजेक्शने प्रत्येक चढत्या तापावर देण्याची सवय आपल्या भागात मुरली आहे. आम्हीही त्यास अपवाद नव्हतो. या वर्गातील औषध एकटे देऊ नये, हे तत्त्व आहे. तोंडावाटे घेण्याच्या एकट्या आर्टेमिसिनिन गोळ्यांवर देशात २००९ पासून बंदी आहे. जोडीचे औषध नसले की थोडे परजीवी उरतात आणि उरलेल्यांत कोण बलवान, याची निवड आपणच करून देतो.

औषध विक्रेत्यांस एक विनंती. पट्टीतील दोनच गोळ्या कापून मागणारा ग्राहक पैशाच्या अडचणीने मागतो, हे आम्ही जाणतो. मिरचीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी हमालांच्या हाती पैसा नसतो. परंतु हिवतापाच्या औषधात दोन गोळ्या देण्यापेक्षा एकही न देणे आणि त्यास प्राथमिक आरोग्य केंद्राचा रस्ता दाखविणे बरे. तेथे तपासणी व संपूर्ण औषध विनामूल्य मिळते. शिवाय एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याखालच्या दुकानात औषधाचे काय होते, याचा विचार आपण सर्वांनी करावा. ४५ अंशांत ठेवलेल्या गोळीवर ३० अंशांपर्यंत ठेवा असे छापलेले असते.

आमच्या रुग्णाकडे परत येतो. रुग्णालयातील वैद्यकीय अधिकाऱ्यांनी काचपट्टी तपासली, व्हायव्हॅक्स आढळला. त्यांनी आम्हांस दूरध्वनी करून एकच विचारले : “वैद्यराज, प्रायमाक्वीन किती दिवस दिले होते?” आम्ही ते एकही दिवस दिले नव्हते. पोळ्याला नाही, दिवाळीला नाही. क्लोरोक्वीनने तीनही वेळा आपले काम चोख केले असते, पण तिसऱ्या वेळी आम्ही त्यास संधीही दिली नाही. जी-६-पीडीची तपासणी झाली, ती सामान्य निघाली. पुन्हा क्लोरोक्वीन व चौदा दिवस प्रायमाक्वीन असा क्रम ठरला. नवव्या दिवशी तरुणाने गोळ्या बंद करण्याचे मनात आणले होते, कारण ताप केव्हाच गेला होता आणि मुकादमाचा निरोप येत होता. त्याच्या आईने त्यास चौदा दिवस पुरे होईपर्यंत गावातून हलू दिले नाही. त्यानंतर तो मुंबईस गेला. पुढल्या पोळ्याला आला तेव्हा भेटून गेला. मधल्या काळात त्यास ताप आला नव्हता. आमच्या नोंदवहीतील ‘औषधप्रतिरोधी’ हा शब्द आम्ही त्याच्यासमोरच खोडला आणि शेजारी तारीख घातली.